साडूची कांती

पनवेलच्या कापडाच्या दुकानात बस्ता बांधायला बारा माणसं गेली होती. त्यातला अपमान करून घेऊन परत आला तो एकटा देवेश घरत.

मेव्हण्याचं, प्रितमचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून गव्हाणहून सासूबाई चंद्रावती आल्या होत्या. त्यांच्यासोबत गावची धवलारीण हौसाआत्याही होती. हळदीपासून वरातीपर्यंतची सगळी गाणी तिला तोंडपाठ, त्यामुळे तिच्या मताशिवाय गावात कुणाच्या लग्नाचा रुमालसुद्धा विकत घेत नसत. दोन लेकी होत्या, थोरली रोशनी आणि धाकटी समृद्धी. आणि दोन जावई होते, रोशनीचा नवरा जीवन आणि समृद्धीचा नवरा देवेश.

साड्या झाल्या, शेले झाले. मानाच्या कपड्यांची पाळी आली तेव्हा दुकानदाराने एकदा देवेशकडे पाहिलं, एकदा जीवनकडे पाहिलं आणि आपल्या माणसाला हाक मारली.

"अरे, सासरेबुवांना सफारीचं कापड दाखव आधी. आणि जावईबापूंसाठी तो नवीन कुर्ता काढ, मोरपंखी."

सासरेबुवा म्हणजे देवेश आणि जावईबापू म्हणजे जीवन, हे कळायला सगळ्यांना दोन क्षण लागले. मग जो हशा पिकला, तो शेजारच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत गेला.

"चंद्रे, तुजा मालक परत आला गं!" हौसाआत्या मांडीवर थाप मारून ओरडली.

देवेशही हसला. न हसून सांगणार कुणाला? पण त्याच्या हसण्यात दात होते, दुसरं काही नव्हतं. कारण देवेश त्रेचाळीसचा होता आणि जीवन अठ्ठेचाळीसचा. पाच वर्षांनी मोठा असलेला साडू मोरपंखी कुर्ता अंगाला लावून आरशात बघत होता, आणि देवेशच्या मांडीवर राखाडी सफारीचं कापड पडलं होतं.

घरी येताना रिक्षात समृद्धी म्हणाली, "पण त्या दुकानदाराची तरी काय चूक? जीवनभाऊजींचा चेहरा बघा ना. कसा तुकतुकीत आहे! एक पुटकुळी नाही."

"मी उन्हात काम करतो."

"ते काय फ्रिजमध्ये बसतात?"

हे खरं होतं आणि म्हणूनच जास्त झोंबलं. देवेश द्रोणागिरीला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. दिवसभर हेल्मेट, वर ऊन, खाली तापलेलं काँक्रीट आणि ट्रकांची धूळ. हेल्मेटच्या पट्ट्याखाली कपाळभर पुटकुळ्यांची रांग, गालांवर काळपट डाग आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना सुटलेले पापुद्रे, ही त्याची पंधरा वर्षांची कमाई होती. पण जीवनची कोन गावात रोपवाटिका होती. तोही दिवसभर उन्हातच वावरायचा, हात कोपरापर्यंत शेणखतात. आणि तरी चेहरा असा, की नुकताच कुणी तूप लावून पुसून ठेवलाय.

'काहीतरी लावतो,' देवेशच्या मनाने घेतलं. 'झाडपाल्यातला माणूस आहे. काहीतरी लावतो आणि कुणाला सांगत नाही.'

दुसऱ्या दिवसापासून देवेशने कामाला सुरुवात केली. समृद्धीला कळू द्यायचं नव्हतं. आपण साडूवर जळतो हे बायकोला कळण्यापेक्षा तोंडावर डाग परवडले. त्यामुळे सगळे प्रयोग यार्डातल्या केबिनमध्ये, दार लावून. मोबाईलवर एक बाई रोज नवा उपाय सांगायची. 'स्वयंपाकघरात सगळं आहे, निसर्गाने सगळं दिलंय,' असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. देवेशने निसर्गावर विश्वास टाकला.

पहिल्या दिवशी लिंबू आणि मध. पंधरा मिनिटं ठेवा, असं बाई म्हणाली होती. लवकर गुण यावा म्हणून देवेशने पाऊण तास ठेवलं, आणि मध्येच गाडी आली म्हणून ते तसंच अर्धवट पुसून भर दुपारी उन्हात गेला. संध्याकाळपर्यंत गाल चुलीवरच्या तव्यासारखे झाले.

"साहेब, तोंडाला मुंग्या चावल्या का?" क्रेनवाल्या शैलेशने विचारलं.

"ॲलर्जी आहे."

"कशाची?"

देवेशच्या तोंडावर एकदम जीवनचं नाव आलं होतं. "धुळीची," तो म्हणाला.

मग संत्र्याच्या सालीची पूड झाली. ती डोळ्यात गेली. मग थंडावा द्यावा म्हणून किसलेली काकडी आणि फ्रिजमधलं दही. हे मात्र बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की देवेशने रोज सकाळी केबिनचा एसी पूर्ण सोडून, तोंडावर दही-काकडीचा थर देऊन, खुर्चीत मागे रेलून अर्धा तास पडायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी त्याला जी सर्दी झाली, ती अशी, की नाक असून नसल्यासारखं. मांदेलीचं कालवण समोर ठेवलं तरी वास येईना.

इकडे चेहऱ्यात सुधारणा काही नव्हती. उलट बस्त्याच्या दिवशीचा देवेश त्यातल्या त्यात बरा म्हणावा, अशी स्थिती झाली होती. आणि हळद चार दिवसांवर आली होती. तिथे सगळं गाव येणार, व्हिडिओवाला येणार, आणि मोरपंखी कुर्ता घातलेला जीवन त्याच्या शेजारी उभा राहणार. शेवटी देवेशने ठरवलं, निसर्गाचं पुरे झालं, आता थेट साडूच्या घरात घुसायचं.

निमित्त सोपं होतं. मांडवाला केळीचे खांब हवे होते आणि ते जीवनच देणार होता. हळदीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, रोशनी आणि समृद्धी दोघी आईला मदत करायला गव्हाणला गेल्या. त्या गेल्या तसा देवेश टेम्पो घेऊन कोनला हजर झाला.

"ये ये," जीवन म्हणाला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि तेसुद्धा मोत्यासारखे दिसत होते. "आज कसा काय उगवलास? माणूस पाठवला असतास तरी चाललं असतं."

"म्हटलं, स्वतः बघून घ्यावेत," देवेश नाकातून म्हणाला.

"सर्दी झालीय वाटतं. वर घरात जाऊन पाणी पी, माठातलं. तोवर मी खांब भरून घेतो."

देवेश वर गेला आणि माठाकडे न बघता त्याने फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीमागे, एक काचेची बरणी होती. आत हिरवट तपकिरी, दाट वाटण. बरणीवर चिकटपट्टी लावून जीवनच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'जीवन. हात लावू नये.'

सापडलं! त्याने झाकण उघडून वास घेतला. नाक बंदच होतं. रंगावरून कडुनिंब असणार, आणखी काही गुप्त पाले असणार. टेम्पोत कालच्या भाकरीचा रिकामा डबा होता, तो त्याने जीवन केळीत गेलेला पाहून पळत जाऊन आणला. 'दोन चमचे घेऊ' म्हणता म्हणता अर्धी बरणी डब्यात आली. उरलेलं त्याने चमच्याने नीट सपाट केलं, जुडी जागेवर लावली आणि खाली येऊन जीवनला म्हणाला, "पाणी गार होतं हं."

घरी आल्यावर त्याने केळीचे खांब गव्हाणला रवाना केले, दार लावलं आणि आरशासमोर उभा राहिला. जे काही जीवन रोज थोडंथोडं लावत असेल, ते आपल्याला एका दिवसात भरून काढायचंय, तेव्हा थरही तसाच हवा. डोळे आणि ओठ तेवढे सोडून, कानापासून कानापर्यंत, कपाळापासून गळ्यापर्यंत त्याने तो लेप बोटभर जाड दिला. गार वाटलं. सर्दीची गोळी घेतलेली होतीच. 'पाच मिनिटं पडू' म्हणून तो पंख्याखाली आडवा झाला.

साडेचार वाजता समृद्धीने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि किंकाळी फोडली.

देवेश दचकून उठला. तोंडावरचा लेप वाळून भेगाळला होता आणि त्याचे तुकडे उशीवर पडले होते.

"अहो, हे काय?"

"काही नाही. कडुनिंब आहे."

समृद्धी जवळ आली, वाकली आणि वास घेतला. मग तिने कपाळावर हात मारला. "अहो, ही मेंदी आहे!"

"मेंदी?"

"मेंदी! हाताला लावतात ती! किती वेळ झाला लावून?"

देवेशने घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन तास झाले होते.

नळाखाली तोंड धुतलं तेव्हा आरशात जो माणूस दिसला, त्याचा चेहरा पिकलेल्या हापूससारखा केशरी होता. डोळ्यांभोवती दोन आणि तोंडाभोवती एक अशी तीन वर्तुळं तेवढी मूळ रंगाची राहिली होती. समृद्धी पलंगाच्या कडेवर बसली. देवेशला वाटलं, आता ही हसणार. पण ती हसली नाही.

"कोण आहे ती?" तिने विचारलं.

"कोण ती?"

"मला काही कळत नाही असं समजू नका. तुमच्या ऑफिसच्या बॅगेत गुलाबपाण्याची बाटली सापडली मला. आरसा सापडला. आठ दिवस झाले, शर्टाला मधाचे डाग असतात. पंधरा वर्षांत कधी कंगवा खिशात ठेवला नाहीत तुम्ही. आणि आता तोंडाला लेप? मी मूर्ख नाही. नाव सांगा फक्त."

"कुणी नाही गं."

"नाव!"

देवेशने मान खाली घातली. नाइलाज होता. "जीवन," तो पुटपुटला.

"कोण जीवन?"

"आपलाच. रोशनीताईंचा."

मग देवेशने सगळं सांगितलं. दुकानदार, सफारीचं कापड, लिंबू, संत्रं, दही, फ्रिज, बरणी. ऐकता ऐकता समृद्धीचे खांदे हलायला लागले. ती आधी रुमालात हसली, मग उशीत, आणि शेवटी पोट धरून जमिनीवर बसली.

"ताईच्या केसांची मेंदी चोरलीत तुम्ही!"

"आता हसू नको. उद्या हळद आहे. हे काढ कसंही."

मग काढण्याचं काम सुरू झालं. समृद्धीने बेसन आणि दही हलक्या हाताने लावून बघितलं. केशरी रंग तसाच. चिंचेचा कोळ झाला. त्याने फक्त चुणचुणलं. "राहू द्या आता, मेंदी आपोआप जाते चार-सहा दिवसांत," असं सांगून ती भाकरी टाकायला गेली, तेवढ्यात देवेशने बेसिनवरची भांडी घासायची हिरवी घासणी उचलली. ती आत येईपर्यंत एक गाल केशरीचा तांबडा झाला होता.

सोमवारी दुपारी ते गव्हाणला निघाले तेव्हा देवेशच्या तोंडावर मास्क होता, डोळ्यांवर गॉगल, आणि टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. ठरलं होतं असं, की सर्दीचं निमित्त सांगून मास्क ठेवायचा. नवरदेवाची हळद झाली की सगळेच एकमेकांना फासणार, तेव्हा गर्दीत मास्क काढून तोंड पिवळं करून घ्यायचं. मग कोण ओळखतंय?

मांडवात बेंजो वाजत होता. चंद्रावती पुढे आल्या.

"जावयबापू, तोंड कनाला झाकलंव?"

"सर्दी आहे, आई. नवरदेवाला लागायला नको."

"बराच बाई जपतंव," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

देवेशने जीवनला शोधलं. तो मोरपंखी कुर्त्यात होताच, पण त्याच्या डोक्यावर आज पांढरी टोपी होती, कानांपर्यंत खाली ओढलेली. देवेशकडे बघून तो हसला नाही. नजर चुकवून दुसरीकडे बघायला लागला. देवेशचा जीव अर्धा झाला. बरणी लक्षात आली वाटतं याच्या.

प्रितम पाटावर बसला. हौसाआत्याने धवला सुरू केला आणि हळदीचं ताट पुढे आलं. "जावई या फुडं," तिने हाक दिली. जीवन आणि देवेश दोघं पाटाच्या दोन बाजूंना उभे राहिले. हौसाआत्याने गाणं अर्ध्यावर थांबवलं.

"देवेस, तो तोबरा काड. तोंड झाकून हलद लावतान का कोन?"

"आत्या, सर्दी..."

"मना शिकवू नको. असल्या सर्द्या लय बगल्या." आणि ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने चपळ हाताने मास्क खाली ओढला. गॉगलही त्याच्यासोबत आला.

बेंजोवाला थांबला. व्हिडिओवाल्याने मात्र कॅमेरा जवळ आणला.

"आगं बाय!" हौसाआत्या म्हणाली. "नवऱ्याच्या आदी तू हलद लावून बसलास?"

मांडवात एकदम कुजबुज पसरली. नवरदेवाच्या आधी दुसऱ्याला हळद लागली म्हणजे हळद उष्टी झाली, आणि तीच पुढे नवरीकडे जाणार! चंद्रावतींनी पदर तोंडाला लावला. एका म्हाताऱ्या काकीने ताट आत न्यायला हात घातला. प्रितमचा चेहरा पडला. "भाऊजी, काय हे?" तो म्हणाला.

"हळद नाही, हळद नाही!" देवेश ओरडला. "मेंदी आहे! वास घेऊन बघा!"

हौसाआत्याने त्याची हनुवटी धरून खाली वाकवली आणि वास घेतला. "हाय. मेंदीच हाय." मांडवाने श्वास सोडला. "पन बाप्या मानसाच्या तोंडाला मेंदी? आनि कुनाची रं?"

आता सगळं गाव ऐकत होतं. देवेशने समोर पाहिलं. जीवनने दोन्ही हातांनी टोपी धरून ठेवली होती आणि त्याचा तो तुकतुकीत चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा पडला होता. टोपीच्या कडेखाली, डाव्या कानामागे, देवेशच्या गालावर होता तोच केशरी रंग होता.

देवेशच्या डोक्यात लख्ख झालं. बरणी रोशनीची नव्हती. चिकटपट्टीवर खरं तेच लिहिलं होतं. जीवन केस रंगवतो!

बस्त्याच्या दिवसापासून देवेश याच क्षणाची वाट बघत होता. एक वाक्य बोलायचा अवकाश, की मोरपंखी कुर्ता गावभर फाटला असता. वाक्य जिभेवर आलंही. पण जीवन त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर देवेशने तीन आठवडे रोज केबिनच्या आरशात बघितली होती.

"आमच्याच घरची," तो म्हणाला. "समृद्धीसाठी भिजवून फळीवर ठेवली होती. वाटी काढायला गेलो आणि सगळी तोंडावर. तसाच झोपलो."

"बायकोसाटी भिजवलीस?" हौसाआत्या बायकांकडे वळून म्हणाली, "बगा गो! नाय तर तुमचं!" सगळा मांडव हसला आणि बेंजो परत सुरू झाला. समृद्धी उगाचच लाजली. जन्मात पहिल्यांदा तिच्या नवऱ्याचं गावात कौतुक झालं होतं आणि तेही खोटं.

"पन ह्यो गाल का सोललाय?" हौसाआत्याने बारीक नजरेने विचारलं.

"घासला थोडा."

"तोंड हाय का टोप, घासायला? चार दिस कायपन लावू नको. लिंबू नाय, बेसन नाय, आजची हलदपन नाय. साध्या पान्यानं धू, खोबरेलाचं बोट फिरव आनि गप बस. सोललेल्या कातडीला औषद नको, इसावा लागतो." मग तिने आवाज चढवून मांडवाला बजावलं, "ह्याला कोनी हलद लावायची नाय!"

त्यामुळे तासाभराने सगळं गाव पिवळं झालं होतं आणि देवेश एकटा केशरी. तो ताकाचा पेला घेऊन मांडवाच्या मागे जाऊन बसला. थोड्या वेळाने जीवन आला आणि शेजारी टेकला.

"उपकार झाले," तो म्हणाला.

"आधी डावा कान पुसा. मागे राहिलंय."

जीवनने घाईघाईने रुमालाने कान चोळला. आजूबाजूला बघून टोपी काढली. पुढचे केस नेहमीसारखे काळेभोर होते आणि मागच्या अर्ध्या डोक्यावर केसांची मुळं कापसासारखी पांढरी फुटली होती.

"काल अर्धीच मेंदी निघाली बरणीत," जीवन म्हणाला. "पुढं पुरली, मागं नाही पुरली. आधी मेंदी लागते, मग वरून निळीच्या पाल्याची पूड, तेव्हा कुठे काळे होतात. दुसरी मेंदी भिजवायला वेळ कुठला होता?"

"सगळेच पांढरे?"

"पस्तिशीपासून. रोशनीशिवाय कुणाला माहीत नाही." त्याने टोपी परत घातली. "पण तू ती तोंडाला कशाला लावलीस?"

"मला वाटलं, तुमच्या चेहऱ्याचं औषध आहे. तुम्ही नक्की लावता तरी काय?"

"चेहऱ्याला? काही नाही. पाणी मारतो."

"खोटं बोलू नका."

"आईशपथ. आमच्या आईची कातडी तशीच आहे, पंच्याहत्तरीत. आणि तू केसांना काय लावतोस?"

"केसांना? मी कुठे काय लावतो? खोबरेल. आमचे बाबा जाईपर्यंत काळे होते."

"सांगू नकोस, नसेल सांगायचं तर," जीवन दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "रोज ऐकतो मी. रोज! जेवायला बसलं की रोशनी सुरू. 'देवेशचे केस बघा, एक पांढरा नाही. देवेशचे केस बघा, कसे दाट आहेत. तुम्ही म्हातारे झालात.' रात्री घास गिळत नाही माणसाला."

देवेशने ताकाचा पेला खाली ठेवला. "काय काय म्हणतात? परत सांगा."

"दाट. काळेभोर. लहरदार."

"लहरदार?"

"लहरदार."

तीन आठवड्यांत कुठल्याच लेपाने जो थंडावा दिला नव्हता, तो या एका शब्दाने दिला. देवेशने टोपी काढून केसांवरून हात फिरवला. मग त्याच्या लक्षात आलं. "थांबा. समृद्धी मला रोज तुमचा चेहरा दाखवते. तुकतुकीत. एक पुटकुळी नाही."

"असं म्हणते?" जीवन सरसावून बसला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मांडवात दोघी बहिणी हातात हात घालून नाचत होत्या.

"ह्या दोघी फोनवर ठरवून करतात की काय?" जीवन म्हणाला.

"ठरवलं नसेल. पण आपण ठरवू शकतो," देवेश म्हणाला.

लग्न थाटात झालं. परत येताना गाडीत देवेश सहज म्हणाला, "रोशनीताई किती मोठ्या गं तुझ्यापेक्षा?"

"चार वर्षांनी. का?"

"वाटत नाहीत. आज नवरीनंतर त्यांचाच चेहरा उठून दिसत होता. नितळ आहे अगदी."

समृद्धीने पर्समधला आरसा काढला, तो घर येईपर्यंत तिच्या हातातच होता. त्याच वेळी कोनच्या वाटेवर जीवननेही समृद्धीबद्दल जे बोलायचं ते बोलून टाकलं होतं.

पुढच्या रविवारपर्यंत देवेशच्या गालावरची कातडी शांत झाली. खोबरेल आणि साधं पाणी, बाकी काही नाही. केशरी रंग जवळजवळ गेला होता. साडेबाराच्या सुमारास जीवनचा फोन आला.

"देवेश, इकडे रोशनी सकाळपासून मसूर डाळ वाटतेय," तो हळू आवाजात म्हणाला. "दुधाची पिशवी तोंडाला, मध तोंडाला. मला चहासुद्धा कोरा मिळाला. तुझ्याकडे काय?"

"आमच्याकडे पपई आणि बेसन. दोन किलो टोमॅटो काल आणले, आज एक नाही."

"मग जेवण?"

"बघतो विचारून."

देवेश फोन ठेवून आत गेला. समृद्धी पलंगावर उताणी पडली होती, तोंडावर पिवळा थर, डोळ्यांवर टोमॅटोच्या चकत्या. लेप वाळत आला होता, त्यामुळे तिला ओठ हलवता येत नव्हते.

"जेवायला काय आहे?" त्याने विचारलं.

समृद्धीने नुसतं बोट ओट्याकडे दाखवलं. ओट्यावर एकच कांदा होता.

देवेशने तो उचलला, सुरी घेतली आणि सोलण्याआधी परत येऊन दारातून विचारलं, "हा तरी खायचाच आहे ना?"